पंखाखाली

जुन्या बाजारात विमान घ्यायचं असेल
तर आधी विमानाकडे बघायचं नाही.
आधी नळाच्या तोट्या, मग किल्ल्या हरवलेली कुलपं,
मग ग्रामोफोनची सुई आहे का, उगाच विचारायचं,
आणि पाठ अर्धी वळवून, जाता जाता,
"हे काय, खेळणं का?"
मकबूल बागवान एवढ्याने फसत नाही.
"साहेब, तीन रविवार झाले, तुमच्यासाठीच दाबून ठेवलंय."
बाराशे सांगितले. साडेआठशेला दिलं.
खोक्यासकट असतं तर भाव कुठे जातो, त्याला ठाऊक नसावं,
किंवा असेलही. खोकं नव्हतंच.

घरी, विश्रांतवाडीत, टेबलावर फ्लॅनेल अंथरलं,
व्हर्निअर काढला.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर गेली,
बोटांना अजून केसाएवढा फरक कळतो.
डिंकीचं, युद्धाआधीचं, चार पंख्यांचं प्रवासी विमान.
तीन पंखे फिरतात. चौथ्याच्या जागी वाकवलेली टाचणी.
डावा पंख सरळ.
उजवा दीड मिलिमीटर खाली आलेला,
मुळाशी बारीक भेगा, तळहातावर असतात तशा.
म्हणजे रोग लागलाय.

ओतताना जस्तात शिशाची कणी गेली,
कुणाचं लक्ष नसेल, सोमवार असेल,
तर धातू तेव्हा काही बोलत नाही.
रंगाखाली फुगत राहतो वर्षानुवर्षं,
आणि एक दिवस कपाट उघडावं
तर पंखाच्या जागी राखाडी रवा.
यावर औषध नाही.
दमट हवा टाळा, फार हाताळू नका.
रंग तर द्यायचाच नाही. विकृत झालं तरी मूळ ते मूळ.

उलटं केलं.
'मेड इन इंग्लंड'च्या शेजारी खिळ्याने खरवडलेलं: बे.
भाव निम्मा! एक शिवी आली तोंडात,
आतून बायको म्हणाली, काय झालं?

रास्ता पेठेतल्या घोसाळकरांच्या माळ्यावरचं भंगार, मकबूल म्हणाला.
मी तिथे का गेलो ते नीट सांगता येत नाही.
मूळ मालक कळला की किंमत वाढते, असं घरी सांगून निघालो.

बेंजामिन घोसाळकर, पंच्याऐंशी, चष्मा कपाळावर.
विमान घेतलं, आधी नाकाशी नेलं.
"गोरे गेले तेव्हा ईस्ट स्ट्रीटला लिलाव झाला, पपांनी आणलं.
माझ्यासाठी नाही हां. रिव्कासाठी.
वेड तिला होतं. मला फक्त शाळेत मिरवायचं होतं,
म्हणून नाव घातलं.
भांडली नाही. आठ दिवस बोललीच नाही."
अंगठा त्या अक्षरावरून गेला, परत आला.
"भिंग आहे ना? नीट बघा. खाली तिचं आहे."

होतं. 'बे'च्या रेघांत अडकलेला,
टाचणीने, फार हलक्या हाताने काढलेला 'रि'.

चौसष्टला रिव्का खऱ्या विमानात बसली, इस्राएलला गेली.
"सांताक्रूझला मी खालून हात केला.
ती कुठल्या खिडकीत होती, दिसलं नाही."

ठेवा तुमच्याकडे, मी म्हटलं. मनापासून म्हटलं की नाही, देव जाणे.
"नको. माझ्या हाताला घाम येतो."
त्यांनी पंखे फिरवले, एक, दोन, तीन,
टाचणीपाशी बोट थांबलं.
"हेही मीच केलं."

आता ते मधल्या फळीवर आहे, पोट वर करून.
बघायला येणारे म्हणतात, काका, एक पडलंय.
असू दे, म्हणतो.
लोहगावचं सुखोई डोक्यावरून गेलं की
कपाटाच्या काचा वाजतात,
त्रेचाळीस विमानं जागच्या जागी किंचित सरकतात,
आणि सगळं शांत झालं की मी वही उघडून
तारीख घालून लिहितो:
उजवा पंख, एक पॉइंट सहा.